तिसऱ्या इंजेक्शननंतर मान आणखी वळली, आता शस्त्रक्रियाच उरली का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४८. तीन वर्षांपासून हनुवटी आपोआप डावीकडे वळते, डोके किंचित उजव्या खांद्याकडे कलते, दुखते मात्र मानेच्या मागे उजव्या बाजूला. पहिले वर्ष मणक्याची झीज समजून पट्टा आणि ट्रॅक्शन (मान ताणून धरणे) यांत गेले. मग सर्व्हायकल डिस्टोनियाचे, म्हणजे मानेचे स्नायू मनाविरुद्ध आवळले जाण्याच्या आजाराचे, निदान झाले आणि बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने तीनदा घेतलीत. पहिल्यांदा बोटॉक्स या कंपनी-नावाच्या टॉक्सिनचे १५० युनिट, थोडासा फरक. दुसऱ्यांदा २२० युनिट, मान बरीच सरळ झाली, पण तीन आठवडे गिळायला त्रास. तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांकडे डिस्पोर्टचे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या टॉक्सिनचे, ३०० युनिट. गिळण्याचा त्रास पुन्हा नको म्हणून मानेच्या पुढचा स्नायू सोडला आणि फक्त दुखऱ्या जागी सुया दिल्या. फायदा काहीच नाही, उलट हनुवटी जास्तच वळू लागली. आता तुम्हाला ‘शरीराला औषधाची सवय झाली, मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करा’ असे सांगितले आहे. गोळ्यांनी भागेल का आणि पट्टा पुन्हा लावावा का, हेही तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधी देते, कारणे मागून. तुम्ही लिहिले आहे त्यावरून इंजेक्शन तुमच्यावर निकामी ठरले, असे मला वाटत नाही. तिसऱ्या वेळी औषध बदलले, प्रत्यक्ष डोस बदलला आणि स्नायूही बदलले. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर आलेल्या अपयशावरून थेट शस्त्रक्रियेकडे वळणे घाईचे आहे. कोणता स्नायू ओढतो आहे हे मान डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून आणि बहुतेक वेळा ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल टिपणारी तपासणी) लावूनच ठरते, लेखी वर्णनावरून ठरत नाही, हे मात्र धरून चाला. पुढचे सगळे तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचे, कशाची नोंद मागायची, यासाठी वाचा.

या आजारात मूळ बिघाड मानेत नसतो. बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेली, हालचाली सांभाळणारी केंद्रे), लहान मेंदू आणि शरीराच्या स्थितीची जाणीव ठेवणारी केंद्रे यांना जोडणाऱ्या जाळ्यात तो असतो, आणि त्यामुळे मानेच्या काही ठरावीक स्नायूंना विनाकारण आकुंचनाचा हुकूम जात राहतो. मेंदूचा एमआरआय बहुतेकांचा नॉर्मल येतो. मानेच्या एमआरआयमध्ये चाळिशीनंतर थोडीफार झीज जवळजवळ प्रत्येकाला दिसते, आणि गफलत तिथेच होते. झिजेने मान दुखेल, आखडेल, हाताला मुंग्या येतील, पण हनुवटी मनाविरुद्ध एका बाजूला वळणार नाही. गालाला किंवा हनुवटीला नुसते बोट टेकवले की मान काही क्षण सरळ होते, आणि झोप लागली की ओढ जाते, या दोन खुणा असतील तर निदान डिस्टोनियाकडेच झुकते. झिजेकडे अजिबात पाहू नये असे नाही. वर्षानुवर्षे पिळलेल्या मानेत मणके लवकर झिजतात. हात बधिर होणे, बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना पाय ताठ वाटणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले तर मानेचा एमआरआय पुन्हा, तोही लगेच करायला हवा.

टॉक्सिन मेंदूतला बिघाड दुरुस्त करत नाही. स्नायूपर्यंत आलेला हुकूम ते तिथेच अडवते. ए प्रकारचे टॉक्सिन चेतातंतूच्या टोकातले स्नॅप-२५ नावाचे प्रथिन तोडते, त्यामुळे स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारे अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडत नाही आणि स्नायू सैलावतो. परिणाम साधारण तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही जाणवू लागतो, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास ओसरतो. म्हणजे हे औषध ज्या स्नायूत, जितके घातले, तिथेच आणि तितकेच काम करते. ‘लागू पडले नाही’ याचा अर्थ औषध चुकीच्या स्नायूत गेले, कमी पडले, परिणाम चुकीच्या वेळी मोजला, किंवा खरोखरच शरीराने प्रतिकार केला. पहिली तीन कारणे नेहमीची आहेत, चौथे क्वचित सापडते.

डोसपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत आकडे फसवे आहेत. २२० वरून ३०० म्हणजे डोस वाढला असे वाटते. पण प्रत्येक कंपनीचे युनिट तिच्या स्वतःच्या चाचणीवर ठरलेले असते आणि ते एकमेकांत थेट बदलता येत नाही. सर्व्हायकल डिस्टोनियासाठी डिस्पोर्टची सुरुवातच साधारण ५०० युनिटने होते आणि पुढे गरजेनुसार २५० ते १००० च्या दरम्यान डोस ठेवतात. बोटॉक्सचा नेहमीचा पल्ला १५० ते ३०० युनिटचा, झिओमिनची सुरुवात १२० ने, तर बी प्रकारचे मायोब्लॉक २५०० ते ५००० युनिटने सुरू होते. कामापुरता अंदाज म्हणून बोटॉक्सच्या एका युनिटला डिस्पोर्टचे अडीच ते तीन युनिट धरतात. तो अंदाजच, सूत्र नव्हे. त्या हिशेबाने तुमचे ३०० युनिट म्हणजे बोटॉक्सचे १०० ते १२० झाले. दुसऱ्या वेळच्या जेमतेम निम्मे, आणि ज्या पहिल्या डोसाने थोडाच फरक पडला होता त्याहूनही कमी. डिस्पोर्ट कमी प्रतीचे औषध आहे असा याचा अर्थ घेऊ नका. पुरेशा मात्रेत तेही तितकेच उपयोगी पडते.

आता स्नायू. मान ही दोन्ही बाजूंनी चाललेली रस्सीखेच आहे: एका गटाने जोर लावला की समोरचा गट डोके परत आणायला धडपडतो, आणि दुखतात दोघेही. त्यामुळे सर्वांत जास्त दुखणारा, हाताला टणक लागणारा स्नायू गुन्हेगार असेलच असे नाही. बऱ्याचदा तो बिचारा सावरणारा असतो.

तुमचे वर्णन स्नायूंवर मांडून पाहू. मानेच्या पुढच्या बाजूला कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा जाड स्नायू म्हणजे स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड. उजवीकडचा आवळला की हनुवटी डावीकडे वळते आणि डोके उजवीकडे कलते. तुमच्या दोन्ही तक्रारी या एका स्नायूने जुळतात. मागच्या बाजूचा स्प्लेनियस कॅपिटिस हनुवटीला आपल्याच बाजूला वळवतो, म्हणजे तुमच्यात डावा. त्याच्या खाली, खोलवर, पहिल्या दोन मणक्यांमध्ये ऑब्लिक्वस कॅपिटिस इन्फिरियर हा छोटा स्नायू असतो. तोही आपल्या बाजूला वळवतो आणि ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी आडवी थरथर असेल तर त्याच्यावर संशय घ्यावाच. उजवीकडे कलण्यात मानेच्या बाजूचे उजवे स्केलीन, खांद्याचे पाते वर उचलणारा लेव्हेटर स्कॅप्युली आणि मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियसचा वरचा भाग यांचा हात असू शकतो, विशेषतः उजवा खांदा वर उचललेला असेल तर.

तिसऱ्या वेळी पुढचा उजवा स्नायू सोडला, आणि सुया उजवीकडे मागे गेल्या. त्या उजव्या स्प्लेनियसमध्ये गेल्या असतील, तर डोके उजवीकडे परत आणणारा, म्हणजे तुमच्या बाजूने लढणारा स्नायूच आपण दुबळा केला. मग हनुवटी डावीकडे जास्त वळणार यात नवल नाही. मात्र त्याच सुया उजव्या लेव्हेटरमध्ये किंवा ट्रॅपेझियसमध्ये गेल्या असतील तर हा तर्क लागू होत नाही. तिथले दुखणे खरोखर डिस्टोनियाचेही असू शकते. म्हणून त्या दिवशीची नोंद हातात येणे महत्त्वाचे आहे. तिच्यात औषधाचे नाव, बॅच क्रमांक, कुपीत किती मिलिलिटर सलाइन घातले, कोणत्या बाजूच्या कोणत्या स्नायूत किती ठिकाणी किती युनिट, आणि ईएमजी किंवा सोनोग्राफी वापरली का, एवढे असायला हवे. ही नोंद मागणे तुमचा हक्क आहे, आणि ती नसेल तर पुढचे इंजेक्शन अंदाजानेच होणार.

ओढणारा कोण आणि सावरणारा कोण हे ओळखायची पद्धत सोपी आहे, पण तिला तुमची साथ लागते. तपासणीच्या खोलीत बहुतेक जण नकळत मान सावरून बसतात. डॉक्टरांना मग आजार कमी आणि सावरण्याची धडपड जास्त दिसते. डोके सोडून द्या, जिथे जायचे तिथे जाऊ द्या. त्या स्थितीत जो स्नायू ईएमजीवर सतत कडकडतो तो ओढणारा. मग डोके सरळ करायला सांगितल्यावर जो जागा होतो तो सावरणारा. पृष्ठभागालगतच्या मोठ्या स्नायूंसाठी अनुभवी हाताला चाचपणी पुरते, पण ऑब्लिक्वस आणि स्केलीनसाठी मी सोनोग्राफीचा आग्रह धरते. पहिल्याच्या जवळून मेंदूला रक्त नेणारी कशेरुका धमनी जाते, दुसऱ्याला खेटून हाताच्या नसांचे जाळे असते.

घरून व्हिडिओ करून नेलात तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. पाठ टेकायला आधार नसलेल्या खुर्चीवर बसा, गळा आणि दोन्ही खांदे उघडे ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. एक मिनिट समोरून, डोके पूर्ण सोडून. मग डोळे मिटून तेवढेच. नंतर दोन्ही बाजूंनी आणि मागून. मान स्वतःहून पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे वळवून दाखवा. गालाला बोट लावून काय होते ते दाखवा. चालताना आणि लिहितानाही थोडे घ्या, कारण काहींची मान फक्त अशाच वेळी वळते. शेवटी बोट न लावता, डोके शक्य तितके सरळ धरून किती सेकंद टिकते ते घड्याळावर मोजा. आम्ही वापरतो त्या मोजपट्टीतही ६० सेकंदांपर्यंत हेच मोजतात, आणि दर खेपेला तुलना करायला याच्याइतका सोपा आकडा दुसरा नाही.

गिळण्याच्या त्रासाला घाबरून पुढचा स्नायू कायमचा सोडून देणे मला पटत नाही. त्याचा डोस आणि जागा सुधारता येते. हा स्नायू घशाच्या स्नायूंना लागून असल्याने औषध पाझरते. दोन्ही बाजूंना एकदम टोचले, सुई खालच्या अर्ध्या भागात गेली, डोस जास्त झाला किंवा मान बारीक असली तर धोका वाढतो. बोटॉक्समध्ये दोन्ही बाजूंच्या या स्नायूंचा डोस मिळून १०० युनिटच्या आत ठेवतात, आणि गिळण्याचा त्रास एकदा झालेल्या माणसात मी त्याहून बराच खाली राहते: एकाच बाजूला, वरच्या तिसऱ्या भागात, दोन ठिकाणी वाटून. हा त्रास सहसा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होऊन काही आठवड्यांत आपोआप जातो. तोवर घास लहान घ्या, ताठ बसून जेवा, गिळताना हनुवटी थोडी छातीकडे न्या आणि पातळ द्रवाने ठसका लागत असेल तर ते दाट करून घ्या. लाळही गिळता येत नसेल, बोलणे अस्पष्ट झाले असेल, श्वास लागत असेल, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.

वेळेबद्दल एक गोष्ट फार कमी जण विचारतात. इंजेक्शननंतर डॉक्टर तुम्हाला पुन्हा कधी पाहतात? बहुतेकदा बाराव्या आठवड्यात, पुढच्या इंजेक्शनला. म्हणजे परिणाम ओसरल्यावर! उत्तम परिणाम किती होता हे त्यांनी पाहिलेलेच नसते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात एक भेट मागून घ्या, टोचायला नव्हे, फक्त पाहायला. ती जमली नाही तर त्या आठवड्यात वर सांगितलेला व्हिडिओ करा. शिवाय वहीत चारच गोष्टी लिहा: फरक कोणत्या दिवशी जाणवला, सर्वांत चांगला आठवडा कोणता, ओसरायला कधी लागला, आणि दुखणे शून्य ते दहामध्ये किती. वही उघडल्यावर कळते की सहाव्या आठवड्यातही काही झाले नाही की झाले होते पण नवव्या आठवड्यात संपले. पहिल्यात स्नायू किंवा डोस पुन्हा तपासायचा. दुसऱ्यात स्नायू बरोबर आहेत, डोस थोडा वाढवून पाहायचा.

मधल्या काळात ‘थोडे आणखी टोचून घेऊ’ हा मोह टाळा. दोन खेपांमध्ये किमान १२ आठवडे ठेवण्यामागे कारण आहे. वारंवार आणि जास्त डोस दिल्याने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता वाढते. खरा प्रतिकार म्हणजे तो. पण तुमच्यात तीनच खेपा झाल्या आहेत, आणि दुसऱ्या खेपेला मान सरळ झाली, गिळणेही बिघडले. औषधाने तुमच्या शरीरात काम केले याचा तो ढळढळीत पुरावा आहे. त्यानंतर एका कमी डोसाच्या खेपेवरून ‘सवय झाली’ म्हणणे मला सैल वाटते. शंका मिटवायची असेल तर साधी चाचणी आहे: कपाळाच्या एकाच बाजूला बोटॉक्सचे १५ ते २० युनिट टोचायचे आणि दोनतीन आठवड्यांनी दोन्ही भुवया उचलायच्या. एकच बाजू उचलली गेली, म्हणजे कपाळ वाकडे दिसले, तर औषध चालते, चूक मानेतल्या जागेत किंवा डोसात आहे. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या गेल्या तर मात्र प्रतिकार खरा धरायचा आणि बी प्रकारचे टॉक्सिन किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करायचा. बी प्रकारात तोंड फार कोरडे पडते आणि टोचताना जास्त झोंबते, हे आधीच माहीत असू द्या.

म्हणून पुढची खेप कशी असावी? मी दुसऱ्या खेपेच्या नकाशाकडे परत जाईन, कारण तिने मान सरळ केली होती, आणि त्याच औषधात थोडीच दुरुस्ती करीन. उदाहरणादाखल, बोटॉक्सच्या हिशेबात: डावा स्प्लेनियस ७० ते ८०, उजवा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड ३० ते ३५, सोनोग्राफीखाली डावा ऑब्लिक्वस १५ ते २०, उजवा खांदा उचललेला असेल तरच उजवा लेव्हेटर आणि ट्रॅपेझियसचा वरचा भाग प्रत्येकी २५ ते ३०. एकूण १६५ ते १९५ च्या आसपास. हा विचार करण्याचा नमुना आहे, तुमचे प्रिस्क्रिप्शन नाही. ईएमजी वेगळे काही सांगत असेल तर ईएमजीचे ऐकायचे. पुढच्या प्रत्येक खेपेला एकच बदल: एक तर डोस, नाहीतर स्नायू. योग्य कृती सापडायला तीनचार खेपा लागणे नेहमीचेच. शिवाय आजार स्वतःही बदलतो. पहिल्या पाचेक वर्षांत तो वाढू शकतो आणि मग बहुधा स्थिरावतो, त्यामुळे जुना नकाशा काही वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो.

इंजेक्शनला जाताना रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी कळवा, आपल्या मनाने बंद करू नका. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकवणारा आजार), गर्भारपण, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके यांबद्दल न विचारताही सांगा. त्या दिवशी पट्टा लावून किंवा झोपेची गोळी घेऊन जाऊ नका, खरी ओढ दिसत नाही.

अपेक्षा कितपत ठेवायची? दुखणे बऱ्याचदा वळण्यापेक्षा आधी आणि जास्त कमी होते. डोके पूर्ण मध्यावर येऊन तिथेच राहील असे वचन कोणी देऊ नये. डोके मिनिटभर सरळ धरता येणे, वाहन चालवताना दोन्हीकडे पाहता येणे, रात्री दुखण्याने जाग न येणे, असे ठोस उद्दिष्ट आधी ठरवा. नाहीतर चांगला परिणामही अपुरा वाटतो.

निदानाची एक बाजू कोणी तपासली आहे का, तेही पाहा. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांत मिसळलेले लेव्होसल्पिराइड, चक्करसाठी महिनोन्‌महिने घेतलेले सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची काही औषधे, यांनी डिस्टोनिया होऊ शकतो. मान वळू लागण्याआधीच्या वर्षभरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी करून दाखवा. सुरुवात तरुणपणी झाली असेल तर विल्सन आजारासाठी (यात शरीरात तांबे साठते) रक्तातले सेरुलोप्लाझमिन हे प्रथिन, २४ तासांच्या लघवीतले तांबे आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी करतात. तुमच्या वयात मी औषधांच्या यादीवर जास्त वेळ घालवीन.

गोळ्यांनी एकट्याने भागेल असे मला वाटत नाही. इंजेक्शनला जोड म्हणून त्या ठीक. ट्रायहेक्सिफेनिडिल रोज १ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला हळूहळू वाढवतात. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते, आणि वय वाढेल तसा विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढतो. काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्लोनाझेपाम रात्री पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम थरथर आणि झोपेसाठी उपयोगी पडते, पण खरी सवय लागते ती याची. बॅक्लोफेनचा मानेवर परिणाम बेताचाच. क्लोनाझेपाम आणि बॅक्लोफेन एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून सोडताना टप्प्याटप्प्याने.

पट्ट्याबद्दल: दिवसभर नको. स्नायू पट्ट्याविरुद्ध जोर लावत राहतात, दुखणे वाढते, आणि सावरणारे स्नायू आळसावतात. अपवाद एवढाच, की काहींना पट्ट्याचा नुसता स्पर्श बोट लावल्यासारखा उपयोगी पडतो. तेव्हा प्रवासापुरता, अर्ध्यापाऊण तासासाठी मऊ पट्टा चालेल. त्याऐवजी गळ्याभोवती सैल ओढणी, डोक्याला घट्ट टोपी, खुर्चीची उंच पाठ हेही करून पाहा. ट्रॅक्शन आणि मान झटक्याने मोडणे दोन्ही बंद.

व्यायामाला मात्र वेळ साधावी लागते. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी ओढणारा स्नायू सैल असतो. तेव्हापासून दहाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सावरणाऱ्या स्नायूंना बळ देण्याचा. तुमच्यासाठी म्हणजे आरशासमोर बसून हनुवटी स्वतःच्या जोराने हळूहळू उजवीकडे न्यायची, पाच ते दहा सेकंद धरायची, सावकाश मध्यावर यायचे. दहा वेळा, दिवसातून तीनचारदा. नुसत्या हाताने ढकलून उपयोग नाही. ओढणाऱ्या स्नायूला ताण देताना २० ते ३० सेकंद, दुखण्याच्या अलीकडे थांबून. डोक्याच्या पट्ट्याला छोटा लेझर दिवा लावून भिंतीवरच्या खुणेवर ठिपका धरायचा व्यायाम कंटाळवाणा नाही आणि चूक लगेच दिसते. व्यायामाने ओढ वाढत असेल तर जोर कमी करा, व्यायाम सोडू नका.

कामाच्या जागी स्क्रीन आणि समोर बसणारी माणसे मध्यावर किंवा किंचित उजवीकडे असावीत, डावीकडे नकोत. फोन खांदा आणि कान यांत दाबू नका. वाहन चालवताना डोके वळवून पुरेसे दिसत नसेल तर जादा आरसा लावूनही धोका उरतो. परिणाम ओसरलेल्या आठवड्यांत चालवणे टाळलेले बरे. ताण आणि अपुरी झोप ओढ वाढवतात, पण आजार त्यांनी झालेला नाही. घरचे ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणत असतील तर त्यांना हा फरक सांगा. उदासी आणि लोकांत जायची लाज या आजारात फार आढळते, आणि कित्येकांचे जगणे मानेच्या कोनापेक्षा त्यानेच जास्त बिघडते. त्यावर वेगळा उपचार मागायला संकोचू नका.

राहिली शस्त्रक्रिया. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये, म्हणजे मेंदूला विजेचे सौम्य उद्दीपन देण्याच्या शस्त्रक्रियेत, बेसल गँग्लियातल्या ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागात दोन्ही बाजूंना तारा बसवतात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात. उपचार खरा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खोट्या उद्दीपनाशी तुलना करणाऱ्या चाचणीत तीन महिन्यांनी तीव्रता सुमारे २६ टक्क्यांनी उतरली, तर खोट्या उद्दीपनाच्या गटात ६ टक्क्यांनी. सुधारणा पुढे सहा महिने ते वर्षभर वाढत जाऊ शकते, कारण डिस्टोनियात परिणाम हळूहळू येतो आणि दर भेटीला विजेचे आकडे जुळवावे लागतात. धोके म्हणजे मेंदूत रक्तस्राव, संसर्ग, बोलणे जड होणे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि ती अचानक संपली तर ओढ एकदम परत येते. शिवाय सांधे आणि स्नायू कायमचे आखडून बसले असतील तर उद्दीपनाने ते सुटत नाहीत. म्हणून प्रतिकार खरा ठरला, किंवा स्नायू अचूक शोधून पुरेशा डोसाच्या तीनचार खेपा नीट मोजून घेतल्यावरही रोजचे जगणे अडत असेल, तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये. तुमच्या तीन खेपांपैकी त्या मोजमापाला उतरणारी, माझ्या मते, एकच आहे, आणि ती यशस्वी झाली होती. तेव्हा आधी दोन्ही ठिकाणच्या नोंदी मिळवा, व्हिडिओ करा, आणि तिसऱ्या इंजेक्शनला १२ आठवडे पूर्ण झाल्यावर ईएमजी किंवा सोनोग्राफी हाताशी असलेल्या, डिस्टोनियाची इंजेक्शने नियमित देणाऱ्या न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या.